लाईट गेली की सोलरही का बंद पडते?
(ऊस विकास विभागाकडून)



या पानावर आपण एरवी बेणे मळा, पाचट, हुमणी आणि ठिबक यांविषयी वाचत असता. या अंकात विषय जरा वेगळा आहे. सुरू लागणीच्या आणि खोडव्याच्या नोंदी घेण्यासाठी गटागटांत फिरत असताना उसाच्या खालोखाल एकच प्रश्न आमच्यापुढे येत राहिला. "साहेब, घरावर तीन किलोवॅटचं सोलर बसवलं. डोक्यावर ऊन रखरखतंय, आणि लाईट गेली की सोलर पण बंद! मग बसवलं कशाला?" काहींचा तर पक्का ग्रह झाला आहे की बसवणाऱ्याने हलका माल गळ्यात मारला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने पंतप्रधान सूर्यघर योजना आणली. तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळू लागले, तशी कौलावर, स्लॅबवर, गोठ्याच्या पत्र्यावर पॅनेल दिसू लागली. ही गोष्ट चांगलीच आहे. पण त्यापाठोपाठ, लाईट गेल्यावरही सोलर चालू ठेवून देतो म्हणणारे काही 'जाणते' लोकही वस्त्यांवर फिरू लागले आहेत. आम्हाला हा लेख लिहावासा वाटला तो त्यांच्यामुळे. कारण ते जे करून देतात त्यात खांबावर चढलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो. आणि आपल्या भागात खांबावर चढणारा वायरमन म्हणजे बहुतेक वेळा आपल्याच एखाद्या सभासदाचा मुलगा असतो.

आम्ही शेतकी पदविकेची माणसं; वीज हा आमचा मूळ विषय नव्हे. म्हणून कारखान्याच्या विद्युत विभागातल्या मंडळींसमोर चार संध्याकाळी बसून सगळे समजून घेतले आणि मगच लिहायला घेतले आहे.

वेढा पडलेलं गाव

२०१९ चा आणि २०२१ चा महापूर आपण सर्वांनी पाहिला आहे. कृष्णा-पंचगंगेचे पाणी चढले, रस्ते तुटले, शिरोळ तालुक्यातल्या कित्येक गावांना वेढा पडला. गाव तेच, माणसं तीच, आत चुलीही पेटत होत्या. पण बाहेरच्या जगाशी संबंध संपला. गावाचं बेट झालं.

विजेच्या बाबतीत असंच होतं. सबस्टेशनचा ब्रेकर पडला, किंवा वायरमनने एबी स्विच उघडला, की पुढची लाईन जाळ्यापासून तुटते. पूर्वी अशी तुटलेली लाईन मेलेली असायची, कारण वीज एकाच बाजूने यायची. आता त्या तुटलेल्या तुकड्यावर दहा घरांची सोलर आहेत. ऊन आहे, पॅनेल वीज करत आहेत. ती सगळी चालूच राहिली, तर मागून पुरवठा नसतानाही तो तुकडा जिवंत राहील. याला इंजिनिअर लोक आयलँडिंग म्हणतात. आपण त्याला सरळ 'बेट पडणे' म्हणू.

बेट पडलं तर बिघडतं काय? पहिली गोष्ट वायरमनची. त्याने लाईन बंद केली, परमिट घेतलं, तो खांबावर चढला. त्याच्या हिशेबाने तार मेलेली आहे. शिवाय डीपी हे यंत्र असं आहे की ते दोन्हीकडून चालतं. वरून ११,००० व्होल्ट आले तर खाली ४३३ देतं; तसंच खालून ४३३ चढले तर वर ११,००० उभे राहतात. म्हणजे घराच्या बाजूने शिरलेली वीज पंचवीस पटींनी वाढून उच्चदाबाच्या तारेवर जाऊन बसू शकते. एकट्या घरचं तीन किलोवॅट अख्ख्या गावाच्या भाराखाली लगेच कोसळतं हे खरं. पण एका डीपीवर वीस छपरं झाली, दुपारची वेळ, घरात वापर कमी, आणि तुटलेला तुकडा लहान. अशा वेळी ते कोसळेलच अशी खात्री कोण देणार?

दुसरी गोष्ट तुमच्या घरातल्या वस्तूंची. बेटावरच्या विजेला कुणी धनी नसतो. व्होल्टेज २३० राखायची जबाबदारी जाळ्याची होती, आणि जाळं तर गेलं. तिसरी गोष्ट, लाईन परत जोडली जाते तेव्हाची. तोपर्यंत बेटावरच्या विजेची लय जाळ्याच्या लयीपासून सरकलेली असते. दोन्ही एकदम एकमेकांवर आदळली की मोटारीच्या शाफ्टला असा हिसका बसतो की कपलिंग जागेवर राहत नाही. दोन ट्रॅक्टर एकाच ट्रॉलीला जोडून एकाने पुढे आणि एकाने मागे घेतल्यावर काय होईल, तसा प्रकार.

म्हणून नियम असा की जाळं गेलं की सोलरच्या इन्व्हर्टरने आपणहून थांबायचं. तुमचं सोलर लाईट गेल्यावर बंद पडतं याचा अर्थ यंत्र हलकं नाही. ते सांगितलेलं काम करतं आहे.

त्याला कळतं कसं?

आम्हाला सर्वांत जास्त रस वाटला तो या भागात. इन्व्हर्टर भिंतीवर अडकवलेला एक डबा. सबस्टेशनवर काय झालं हे त्याला कोणी फोन करून सांगत नाही. त्याच्या हातात फक्त दोन तारा. त्या तारांवरून त्याने ओळखायचं की पलीकडे जाळं आहे की नाही.

पहिला उपाय साधा आहे, व्होल्टेज बघत राहायचं. समजा तुमचं सोलर तीन किलोवॅट देतं आहे आणि तुटलेल्या तुकड्यावर सहा किलोवॅटचा भार आहे. जाळं गेल्यावर तीनच्या विजेवर सहाचा भार पडला. व्होल्टेज दबतं, ढोबळ हिशेबाने २३० चं १६३ होतं. उलट भार दोनच किलोवॅटचा असला तर वीज तुंबते आणि व्होल्टेज २८२ वर चढतं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांत मर्यादा घातल्या गेल्या: व्होल्टेज ८० टक्क्यांखाली किंवा ११० टक्क्यांवर गेलं, म्हणजे १८४ च्या खाली किंवा २५३ च्या वर, तर दोन सेकंदांच्या आत बाहेर पडा. वरच्या दोन्ही उदाहरणांत इन्व्हर्टर बरोबर ओळखेल.

दुसरी खूण फ्रिक्वेन्सीची. जाळ्यावर ती ५० च्या आसपास असते, कारण देशभरची हजारो टनांची जनित्रं एका लयीत फिरत असतात. बेटावर ती लय धरायला कुणी नाही. तिथे मोटारींची कॉइल आणि कपॅसिटर यांच्यात जी ओढाताण चालते ती जिथे मिटेल तिथे फ्रिक्वेन्सी जाऊन थांबते. कॉइलचा जोर जास्त आणि कपॅसिटर कमी, तर ती वर पळते. कपॅसिटर जास्त झाले तर खाली घसरते. इन्व्हर्टरने ते पाहिलं आणि मर्यादेबाहेर गेलं की तो बंद.

इथपर्यंत सगळं सोपं आहे. अडचण पुढे आहे, आणि ती समजायला पाणी पाजणाऱ्या माणसाला वेळ लागू नये.

पाटाचं पाणी तुमच्या दंडात येतं आहे. त्याच दंडात तुमच्या विहिरीचीही धार सोडलेली आहे. तुम्ही दूर बांधावर उभे राहून फक्त दंडातली पातळी बघता. वर कुणी पाटाचं दार पाडलं तर पातळी उतरेल आणि तुम्हाला कळेल. पण विहिरीची धार जेवढी पडते आहे, नेमकं तेवढंच पाणी सरींत जात असेल तर? पाटाचं पाणी त्या वेळी दंडात येतही नव्हतं आणि जातही नव्हतं. दार पडलं तरी पातळी बोटभरसुद्धा हलणार नाही. तुम्ही दिवसभर बांधावर उभे राहिलात तरी तुम्हाला कळायचं नाही.

विजेत हेच होतं. सोलर तीन किलोवॅट देतं आणि तुकड्यावरचा भारही तीनच्या आसपास असला, तर जाळं तुटल्यावर व्होल्टेज हलतच नाही. आम्ही हिशेब मांडून पाहिला. वर दिलेल्या ८० आणि ११० टक्क्यांच्या मर्यादा धरल्या तर तीन किलोवॅटच्या सोलरपुढे अडीचपासून जवळजवळ पावणेपाच किलोवॅटपर्यंत कोणताही भार असला, तरी केवळ व्होल्टेज बघणारा इन्व्हर्टर फसतो. म्हणजे फट काही केसाएवढी नाही, चांगली दार उघडं टाकल्याएवढी आहे. फ्रिक्वेन्सीची खूण त्यातले बरेच प्रसंग पकडते. पण मोटारींना बरोबर मापाचे कपॅसिटर लावलेले असतील तर कॉइल आणि कपॅसिटर यांचा हिशेब आधीच मिटलेला असतो, आणि फ्रिक्वेन्सीही ५० वरच बसून राहते. कृषिपंपाला कपॅसिटर लावा म्हणून आपण वर्षानुवर्षे सांगत आलो. ते सांगणं बरोबरच आहे आणि यापुढेही सांगणार आहोत. पण बेट ओळखणाऱ्याचं काम त्याने थोडं अवघड केलं हेही खरं आहे. इंजिनिअर लोक या फटीला 'न कळणारा पट्टा' म्हणतात.

आपल्या स्टार्टरमध्ये याचाच एक चुलत भाऊ बसलेला आहे. चालत्या मोटारीचा एक फेज गेला तर त्या फेजवर व्होल्टमीटर लावून बघा. तिथे व्होल्टेज दिसतंच! फिरणारी मोटार गेलेला फेज स्वतःच तयार करून दाखवते. नुसतं व्होल्टेज बघणारा साधा रिले म्हणतो सगळं ठीक आहे, आणि इकडे मोटार जळते. म्हणून चांगला सिंगल फेज प्रिव्हेंटर तीन फेजांतला असमतोल बघतो, कारण वरवर दिसणाऱ्या व्होल्टेजवर विसंबता येत नाही. मोटार भरून आणण्याचे पैसे ज्यांनी मोजले आहेत त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

खांदा लावून बघणे

मग इन्व्हर्टरने करायचं काय? नुसतं बघून कळत नसेल तर ढकलून बघायचं.

उसाने भरलेली ट्रॉली उभी आहे. तिला ट्रॅक्टर जोडलेला आहे की नाही हे तुम्हाला अंधारात ओळखायचं आहे. तुम्ही खांदा लावता. ट्रॅक्टर गिअरमध्ये उभा असेल तर ट्रॉली तसूभर हलणार नाही. ट्रॅक्टर सुटलेला असेल आणि जमीन सपाट असेल तर ती जराशी सरकते. सरकली असं वाटलं की तुम्ही आणखी जोर लावता, आणि मग ती निघालीच.

इन्व्हर्टर अगदी हेच करतो. तो आपल्या विजेची लय सतत किंचित पुढे ढकलत राहतो. जाळं जोडलेलं असेल तर एवढ्या मोठ्या यंत्रणेपुढे त्या ढकलण्याला काही किंमत नाही. फ्रिक्वेन्सी ढिम्म राहते. जाळं तुटलेलं असेल तर फ्रिक्वेन्सी थोडी हलते. ती हलली हे दिसताच इन्व्हर्टर अधिक जोराने ढकलतो, ती अधिक हलते, तो आणखी ढकलतो. आणि सेकंदाच्या आत-बाहेर फ्रिक्वेन्सी मर्यादेबाहेर जाऊन इन्व्हर्टर थांबतो. आपण होऊन बेट मोडायचं, अशी ही युक्ती. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात सँडिया नावाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. फ्रिक्वेन्सी ढकलण्याच्या एका पद्धतीला तिचंच नाव पडलेलं आहे. व्होल्टेज ढकलण्याचीही तशीच पद्धत आहे. जर्मनीत एके काळी लाईनचा अडथळा मोजून जाळं आहे की नाही ते ठरवणारी यंत्रं वापरत.

या युक्तीलाही खोट आहे. एका डीपीवर पाच कंपन्यांचे इन्व्हर्टर असले आणि एकाने पुढे ढकललं, दुसऱ्याने मागे, तर दोघांचा जोर एकमेकांत जिरतो. ट्रॉलीला दोन्ही बाजूंनी खांदा लावल्यावर ती कशी हलणार? छपरांची संख्या वाढत जाईल तसा हा प्रश्न मोठा होत जाणार, असं आमच्या विद्युत विभागाचं मत आहे आणि आम्हाला ते पटतं.

इन्व्हर्टरच्या या गुणाची परीक्षा घेतात. तिच्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे आयईसी ६२११६, आणि आपल्या देशात तेच आयएस १६१६९ या क्रमांकाने आहे. परीक्षा मुद्दाम अवघड ठेवलेली आहे. इन्व्हर्टर जेवढी वीज देतो नेमका तेवढाच भार जोडतात, कॉइल आणि कपॅसिटरही तंतोतंत जुळवतात, म्हणजे फसायला सगळी अनुकूल परिस्थिती. मग जाळ्याचा स्विच उघडतात आणि घड्याळ लावतात. दोन सेकंदांत थांबला तर पास. ही परीक्षा पूर्ण क्षमतेवर, सुमारे दोन तृतीयांशवर आणि एक तृतीयांशवर अशी घेतात. अमेरिकेच्या आयईईई १५४७ या मानकातही दोनच सेकंद दिलेले आहेत. लाईट परत आली तरी इन्व्हर्टर लगेच सुरू होत नाही. व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी निदान ६० सेकंद ठीक राहिली पाहिजेत. लाईट आली आणि सोलर लगेच लागलं नाही म्हणून फोन करणाऱ्यांनी तेवढं थांबावं.

फार भित्रा असूनही चालत नाही

आता कोणी म्हणेल, मग इन्व्हर्टर इतका हळवा करा की जरा खुट्ट झालं की बंद. तेही चालत नाही. ९ ऑगस्ट २०१९ रोजी इंग्लंडमध्ये याचा धडा मिळाला. लंडनच्या उत्तरेला एका मोठ्या लाईनवर वीज पडली. तसं हे नेहमीचं. पण त्या झटक्याने ठिकठिकाणच्या छोट्या निर्मितिसंचांच्या रक्षक रिलेंना वाटलं की आपलं बेट पडलं आहे. बेट कुठेच पडलं नव्हतं. तरी सुमारे १५० मेगावॅट त्या क्षणी बाहेर पडले. त्याच वेळी समुद्रातलं एक मोठं पवनवीज केंद्र आणि एक गॅसचं केंद्रही बंद पडलं, फ्रिक्वेन्सी झपाट्याने घसरली, आणि ती घसरते आहे हे पाहून आणखी सुमारे ३५० मेगावॅट छोटे संच पळाले. फ्रिक्वेन्सी ४८.८ पर्यंत उतरली आणि दहा लाखांहून जास्त ग्राहक अंधारात गेले. जिथे खांदा द्यायचा तिथे खांदा काढून घेतला, असं झालं. त्यानंतर तिथे जुने रिले बदलण्याचं काम नेटाने केलं गेलं. सेकंदाला ०.१२५ इतक्या बदलाला घाबरणारे रिले सेकंदाला १ पर्यंत दम धरतील असे करण्यात आले. आपल्याकडेही २०१३ च्या नियमांत २०१९ साली दुरुस्त्या झाल्या, त्यांचा रोख याच दिशेने आहे: किरकोळ झटक्याला संचाने टिकून राहावं.

म्हणजे खरं बेट दोन सेकंदांत ओळखायचं आणि खोट्या बेटाला भुलायचं नाही. हे वाटतं तेवढं सोपं काम नाही.

कारखान्यात मात्र बेट हवं असतं

आता गंमत बघा. घरावर जे नको म्हणून एवढी यातायात, तेच आपल्या सहवीजनिर्मिती प्रकल्पात आपण मुद्दाम करतो. हंगामात बगॅसवर बॉयलर पेटतो, टर्बाइन फिरतं, कारखान्याला लागेल ती वीज वापरून उरलेली जाळ्यावर जाते. बाहेर जाळ्यावर गडबड झाली की आपल्या रिलेला ती कळते, मधला ब्रेकर उघडतो, आणि टर्बाइन एकट्या कारखान्यासाठी फिरत राहतं. बाहेर अंधार, आत मिल चालू. ऊसगाड्यांच्या रांगेत रात्र काढलेल्या सभासदाला यातला फायदा सांगायला नको. मिल अचानक बंद पडली की रस आहे तिथे थांबतो, आणि पुन्हा सगळं सुरळीत व्हायला तास जातात.

मग कारखान्याला जे जमतं ते घरच्या सोलरला का नको? कारण कारखान्याकडे लय धरणारा धनी आहे. बॉयलरमध्ये वाफ साठलेली आहे, जड टर्बाइनला गती आहे, आणि भार कमी-जास्त झाला की गव्हर्नर वाफेची झडप कमी-जास्त करतो. पॅनेलमागे असं काही नसतं. ढग आला की निर्मिती अर्ध्यावर येते. साधा इन्व्हर्टर जाळ्याची लय ऐकून तिच्यात आपला सूर मिसळतो. स्वतः लय धरणं त्याला शिकवलेलंच नाही. शिवाय कारखान्याच्या बेटाला कुंपण आहे. ब्रेकर उघडल्याशिवाय बेट होत नाही, त्यामुळे वीज बाहेर गळत नाही. आणि तरीही बेट दरवेळी टिकतंच असं नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईसारख्या शहराची वर्षानुवर्षे नावाजलेली बेट-व्यवस्था टिकू शकली नाही आणि शहर काही तास बंद पडलं.

'करून देतो' म्हणणाऱ्यांविषयी

आता मूळ मुद्द्याकडे. हे लोक करतात काय? लाईट गेली की छोटा जनरेटर किंवा घरातला बॅटरीवाला जुना इन्व्हर्टर चालू करून त्याची वीज सोलरच्या तारांना देतात. सोलरच्या इन्व्हर्टरला वाटतं जाळं आलं, आणि तो साठ सेकंद थांबून कामाला लागतो. त्याला ट्रॉली हलत नाही असं वाटावं म्हणून मागे दुसराच ट्रॅक्टर उभा केलेला असतो. बेट ओळखण्याची वर सांगितलेली सगळी विद्या इथे निकामी होते.

एवढं करून जाळ्याकडे जाणारी तार चेंजओव्हर खटक्याने तोडलेली असली तर निदान वायरमन तरी वाचतो. पण खटक्याचे पैसे वाचवलेले आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. आपल्याच एका गटात, गावाचं नाव मुद्दाम देत नाही, मळ्यातल्या तीन घरांच्या वस्तीकडे जाणारा जंपर जळाला होता. वायरमनने लाईन बंद करून घेतली, खांबावर चढण्याआधी टेस्ट लॅम्प लावला, आणि दिवा पेटला. दोनदा फ्यूज तपासले. फ्यूज काढलेले होते. शेवटी वस्तीवरच्या एका घरामागे जनरेटरचा आवाज आला. जनरेटर आणि त्याच्या जोडीला सोलर, दोन्ही मेनमधून उलटे लाईनवर. त्या पोराने टेस्ट लॅम्प लावण्याचा आळस केला असता तर आम्ही हा लेख वेगळ्या कारणाने लिहिला असता.

शिवाय यात यंत्राचंही भलं नाही. दुपारी सोलर तीन किलोवॅट देतं आणि घरात वापर एकाचा. उरलेले दोन किलोवॅट जाणार कुठे? ते जनरेटरमध्ये उलटे घुसतात. छोट्या जनरेटरला वीज द्यायची सवय, घ्यायची नाही. तो पळायला लागतो आणि व्होल्टेजही चढतं. बॅटरीच्या इन्व्हर्टरचं असंच. एक टीव्ही आणि एक फ्रीज गेला की करून देणाऱ्याचा फोन लागत नाही.

लाईट गेल्यावरही सोलर हवंच असेल तर त्याला सरळ मार्ग आहे, त्याचं नाव हायब्रीड इन्व्हर्टर. त्याच्यासोबत बॅटरी असते, लय धरायची कला त्याला येते, आणि मुख्य म्हणजे जाळं गेलं की तो आधी स्वतःची तार आतल्या खटक्याने तोडतो आणि मगच घराला वीज देतो. कारखान्यासारखंच कुंपण घातलेलं बेट, फक्त घरापुरतं. बॅटरीमुळे खर्च बराच वाढतो. आमचं स्पष्ट मत असं की ज्यांच्याकडे लाईट दिवसातून थोडाच वेळ जाते त्यांनी साधा संच ठेवावा आणि बिल वाचवावं. ज्यांच्याकडे दूध शीतकरण, पोल्ट्री असं काही आहे त्यांनीच बॅटरीचा विचार करावा. 'मागेल त्याला सौर कृषिपंप'सारख्या योजनेतले पंप जाळ्याला जोडलेले नसतात, त्यांना हा बेटाचा प्रश्नच नाही.

नवीन संच घेताना इन्व्हर्टरवर आयएस १६१६९ चा दाखला आहे का ते विचारा. सुरक्षेसाठी दुसरा क्रमांक आहे, आयएस १६२२१, तोही बघा. बसवून झाल्यावर, भर दुपारी, बसवणाऱ्याच्याच हातून मेन स्विच उघडून दाखवायला सांगा. इन्व्हर्टर दोन सेकंदांच्या आत थांबला पाहिजे, आणि स्विच परत लावल्यावर मिनिटभर तरी गप्प राहिला पाहिजे. एवढं दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. मीटरजवळ आणि जमल्यास डीपीच्या खांबावर 'या लाईनवर सौर निर्मिती आहे' अशी पाटी लावून घ्या. पत्र्याच्या पाटीला खर्च तो किती येणार.

राहिला प्रश्न सौर कृषी वाहिनीचा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ पासून सुरू झाला आणि सबस्टेशनजवळच्या जमिनींवर सौर प्रकल्प उभे राहू लागले. दिवसा पाणी पाजता येऊ लागलं, रात्रीचा बिबट्या आणि सापाचा धोका कमी झाला, याचं समाधान आहे. पण तिथे निर्मिती आणि पंपांचा भार दोन्ही जवळजवळ सारखे, आणि पंपांना कपॅसिटर; म्हणजे दंडातली पातळी न हलण्याची वेळ छपरांपेक्षा तिथे जास्त वेळा येऊ शकते. अशा ठिकाणी नुसत्या इन्व्हर्टरच्या अंदाजावर न राहता सबस्टेशनचा ब्रेकर पडला की तारेवरून थेट प्रकल्पाला 'बंद हो' असा इशारा पाठवण्याची सोय करता येते. आपल्या शेजारी प्रकल्प असेल तर अशी सोय तिथे केली आहे का, हे ग्रामसभेत विचारायला हरकत नाही.

ज्या सभासदांनी चेंजओव्हर खटक्याशिवाय जनरेटर जोडून घेतला आहे त्यांनी गट कार्यालयात खोडव्याची नोंद द्यायला येताना तेवढं सांगावं. नाव कुठे लिहून ठेवलं जाणार नाही. विद्युत विभागातला माणूस येऊन खटका कुठे आणि कसा बसवायचा ते दाखवून जाईल. खटका तुम्ही आणून ठेवायचा.